गालाच्या आतून काढलेलं कूळ

कापूस गुंडाळलेल्या काडीनं गाल आतून घासायचा, काडी पाकिटात घालायची आणि टपालानं पाठवायची. महिना-दीड महिन्यानं आपण मूळचे कोण ते घरबसल्या कळतं. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पण इतका सोपा उपाय असताना आमच्याकडची माणसं जन्मभर उगाच ओरडत बसली, एवढं मला तेव्हाही कळलं.

वहिनी म्हणजे माझ्या मालकीणबाई. माझं सासर दीड वर्षात सुटलं, तेव्हा त्यांनी मला पुण्यात कामाला ठेवलं आणि दोन हजार सालानंतर इकडे येताना त्यांच्या आजारी सासूबाईंना सांभाळायला सोबत आणलं. त्यांनी मला कधी वेगळ्या कपात चहा दिला नाही. हे मी विसरायची नाही.

तपासणीची हौस साहेबांची. त्यांचे डोळे घारे. आपले पूर्वज कुठल्याशा गोऱ्या मुलखातून जहाजानं कोकणात उतरले, असं त्यांना लहानपणापासून वाटत आलेलं. त्यांनी घरातल्या चौघांसाठी चार डबे मागवले. लेकीनं नको म्हटलं म्हणून एक उरला, तो वहिनींनी माझ्यापुढे केला. मी घाबरले. काही आजार निघाला आणि मला परत पाठवलं तर? असलं काही त्यात दिसत नाही, हे वहिनींनी मला दोनदा समजावून सांगितलं. तरी मी आधी तीनदा चूळ भरली.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, शिनोलीच्या अलीकडे. तिथं आम्ही कोण हे सांगायचं काम भाटाचं. नव्वद-ब्याण्णव सालापर्यंत तो सुगी झाली की यायचा, ओट्यावर घोंगडीवर बसायचा आणि लांबलचक वही उघडून आमची वंशावळ गाऊन दाखवायचा. सुरुवात राजस्थानातल्या एका राजाच्या धाकट्या मुलापासून. पंचक्रोशीत ज्याला विचारावं तो राजाच्या धाकट्या मुलाचाच वंशज. त्या राजाच्या घोड्यांना दाणा घालणाऱ्यांना पोरंबाळं झालीच नसावीत. मी एकदा पाणी नेऊन दिलं तेव्हा विचारलं, यात माझं नाव कुठं? भाट म्हणाला, मुलींची नावं सासरच्या वहीत असतात. पुढे सासरी गेल्यावर तिथल्या भाटाला विचारलं, तर तिथंही बायका नव्हत्या.

माझ्या थोरल्या भावाला ती वंशावळ तोंडपाठ. जमीन अडीच एकर, पण चालणं असं की मागून हत्ती येतोय.

मी काडी टपालात टाकली त्याच सुमाराला त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. भाची मंचरला शिकत होती. मुलगा जुन्नर तालुक्यातला, निमगाव सावाचा, चाकणला कंपनीत कामाला. दोघांची ओळख आधीची. घरात हे कुणाला माहीत नव्हतं, फक्त मला फोनवर सांगितलेलं. "आत्या, मला त्योच पायजे," ती म्हणाली, "पण बाबा मोठेपणा सांगायला लागले की भीती वाटती."

भीती खरी ठरली. सुपारी फोडायच्या बैठकीत देवकं वेगवेगळी निघाली, सगळं जुळत आलं. तेवढ्यात दादाला राहवलं नाही. त्यानं राजा काढला. मुलाच्या चुलत्यालाही राहवलं नाही. त्यानंही राजा काढला. राजा एकच, धाकटा मुलगाही एकच. एक जाणता म्हातारा म्हणाला, मग आडनावं वेगळी असली तरी तुम्ही एका कुळाचे, भाऊबंद झालात. भाऊबंदांत सोयरीक कशी करायची? ताटं वाढायची राहिली आणि पाव्हणे उठून गेले.

दोन घरांचा मोठेपणा आड आला आणि पोरीचं लग्न मोडायच्या बेताला आलं. 'राजाचं आम्ही उगाच बोललो' एवढं एकानं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते म्हणायचं कुणी?

भाचीनं तोवर घरात माझ्या तपासणीचं सांगून टाकलं होतं. कधी नव्हे तो दादाचा फोन आला. अमेरिकेचा कागद आला की लगेच पाठव, तो म्हणाला. त्यात आपण त्या राजाचे नाही, दुसऱ्या कुठल्या तरी राजाचे निघू, म्हणजे कूळही वेगळं आणि मानही तसाच. मी विचारलं, कुणाचेच नाही निघालो तर? तो म्हणाला, "तुला सातवीत काय कळतंय? कागद पाठव." मी सातवीतच राहिले ती त्याला कॉलेजात घालायचं होतं म्हणून, हे तो विसरला होता.

निकाल आले. साहेबांच्या कागदावर जहाज नव्हतं. पोटापाण्यासाठी पायी हिंडत इथवर आलेली माणसं निघाली, साऱ्या देशात पसरलेली. कंपनीत काड्यांची अदलाबदल झाली, असं म्हणून ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. वहिनींची आणि माझी मात्र एकच शाखा निघाली. वहिनी पोट धरून हसल्या आणि त्या दिवशी चहा त्यांनी केला. सासूबाईंनी तो घेतला नाही.

मग वहिनींनी मला नीट उलगडून सांगितलं. या तपासणीत बाईच्या काडीतून फक्त आईकडचं कळतं. आई, आईची आई, तिची आई, अशी हजारो वर्षं मागे. बापाचं यात काहीच येत नाही. आमच्या वहीत जे एकदाही लिहिलं गेलं नाही, तेवढंच या कागदात होतं. दादाच्या कामाचं एक अक्षर नव्हतं.

त्याला हे सांगितलं तर म्हणाला, आईकडचं घेऊन काय चाटायचंय? मग आवाज बारीक करून म्हणाला, कागद इंग्रजीत आहे, इथं कोण वाचतंय, तू खाली दुसऱ्या राजाचं टाइप करून घे. हो म्हणावं तर वहिनींच्या घरात बसून खोटा कागद करायचा, आणि नाही म्हणावं तर पोरीचं लग्न मोडायचं. मी म्हटलं, "दादा, मी न्हाई करायची. तुझा राजा तूच खोडून टाक." त्यानं फोन आईच्या हातात दिला. हिला तूच समजाव, असं मला ऐकू आलं.

आईनं समजावलं नाही. तिनं विचारलं, खरंच काय लिहिलंय त्यात? मी सांगितलं, तू आहेस, तुझी आई आहे, तिची आई, आणि मागं पार जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नकाशावर एक बाण काढलाय. आईचं माहेर मढचं, घाटाच्या तोंडाशी. तिथून लग्न होऊन आली ती परत फारशी गेली नाही.

"म्हंजी सगळ्या सासरीच गेलेल्या की गं," ती म्हणाली. "आन् लिवलं न्हाई कुणीच."

पुढच्या रविवारी शेवटचं बोलणं करायला पाव्हणे आले. पुढचं मला भाचीनं सांगितलं. दादा कागद अजून यायचाय म्हणून वेळ काढत होता. आई डोक्यावर पदर घेऊन आतून आली आणि पुरुषांच्या बैठकीत उभी राहिली. आमच्याकडे बाई असं करत नाही.

"त्यो राजा माझ्या देखत लिवलाय," ती म्हणाली. "मी नवी नवरी व्हते. सासऱ्यांनी भाटाला बाजरीचं पोतं दिलं आन् म्हनले, आमचं जरा लांबचं दाखव. त्याच्या आदी वहीत आमी साधे नांगर धरनारेच व्हतो."

दादाच्या तोंडाचं पाणी पळालं. पाव्हण्यांत कुणीतरी खोकलं. 'आमचंही पोत्यातलंच' असं आता तरी कुणी म्हणेल, अशी भाचीची आशा. छे. मुलाचा चुलता मांडी ठोकून म्हणाला, "म्हंजी तुमचा राजा खोटा. आमचा खरा. मंग कूळ वायलं झालं, हरकतच नाय." आणि सुपारी फुटली.

मला लग्नाला जाता आलं नाही, सासूबाईंना सोडून जाणं शक्य नव्हतं. दादा वर्षभर आईशी नीट बोलला नाही. आईला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. भाचीनं निमगावहून पहिला फोन केला तो चुलीजवळूनच, मागे भाकरीचा थापथाप आवाज येत होता.

"आत्या, हितं दिवसातनं एकदा तरी मला राजाचं सांगत्यात," ती म्हणाली. "मी आपली हं म्हणते. हं म्हणलं तरी भाकरी फिरवायला हात मोकळाच असतोय."