आत्याचा युक्तिवाद आणि पालथा तांब्या

धारचा एक रविवार, साल दोन हजारच्या आसपासचं. देवासहून बसने आत्याकडे जेवायला गेले होते. पिशवीत एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं गाइड होतं.

त्यातल्या एका प्रकारच्या प्रश्नांनी मला हैराण केलं होतं. एक युक्तिवाद द्यायचा आणि विचारायचं, खालीलपैकी कोणत्या विधानाने तो अधिक बळकट होतो? मी दर वेळी त्यातलं सगळ्यात जोरदार वाक्य निवडायची... आणि चुकायची.

उदाहरणार्थ, कारखान्याने कामगारांसाठी बस सुरू केली आणि गैरहजेरी कमी झाली, म्हणजे हा बसचाच परिणाम. मी निवडलं, 'बस वेळेवर येते आणि आरामशीर आहे.' बरोबर उत्तर होतं, 'ज्या वस्तीत बस जात नाही, तिथली गैरहजेरी आहे तशीच राहिली.' बाबा रोज कंपनीच्या बसनेच जायचे, तरी मला हे पटेना. ज्यांना बस मिळालीच नाही, त्यांचा इथे काय संबंध?

आत्याकडे पोहोचले तर ती गप्प गप्प. तिथल्या मराठी मंडळाच्या एका खोलीत ती दर रविवारी मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवायची. आपल्या घरांतली मुलं सगळी हिंदी शाळांत, म्हणून हा वर्ग. आता ती खोली कम्प्युटर क्लासला द्यायचं कमिटीच्या मनात होतं.

त्या सकाळी तिने कमिटीपुढे मुलांकडून आरत्या वाचून घेतल्या होत्या. सगळी खणखणीत वाचत होती. मंडळाचे सचिव नानासाहेब उठले, एका मुलाच्या हातातलं पुस्तक बघितलं आणि म्हणाले, "ताई, याने तर अनुक्रमणिका उघडलीये."

आरत्या आमच्याकडे प्रत्येक मुलाला पाठच असतात. गणपतीचे दहा दिवस रोज दोन वेळा म्हटल्यावर पुस्तक हवंय कोणाला...

"आणि जे थोडंफार येतं ना," नानासाहेब पुढे म्हणाले होते, "ते सुट्टीत पुण्याला आजोळी जाऊन येतं. वर्गामुळे नाही." पुढच्या रविवारी निर्णय होणार होता.

"मी आता मातृभाषेवर बोलणार आहे. असं बोलेन की रडतील सगळे," आत्या पोळी लाटता लाटता म्हणाली.

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी हललं. हेच तर मी गाइडमध्ये करत होते... जोरदार वाक्य.

"आत्या, बातमी वाचायला दिली तर?"

"देवनागरी आहे गं. हिंदी शाळेतलं कुठलंही पोर धडाधडा वाचेल. कळलं किती, ते कसं दाखवणार?"

मग आम्ही दोघी जेवणं विसरून बसलो. पाठ नसलेलं काहीतरी हवं. नुसतं वाचून भागणार नाही असं हवं. आणि वर्गात न येणारी, पण सुट्टीत पुण्याला जाणारी मुलंही हवीत. बस न मिळालेले लोक... ते इथे लागणार होते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा धारला. आत्याने चिठ्ठ्या केल्या होत्या. एकेका मुलाने आत यायचं, चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि त्यात लिहिलंय ते करायचं. बस.

वर्गातल्या मुलांनी केलं. एकाने दाराआडची छत्री आत्याच्या मांडीवर ठेवायच्या ऐवजी नानासाहेबांच्या मांडीवर ठेवली, पण ठीक आहे. मग नानासाहेबांची नात आली. ती वर्गात यायची नाही, दर उन्हाळ्यात पुण्याला जायची. तिने छान वाचलं, 'खिडकीतला तांब्या सतरंजीच्या कडेला पालथा ठेव.' तांब्या उचलला आणि तशीच उभी राहिली.

"आजोबा, इसमें करना क्या है?"

कमिटीतले एक जण हसले. "अरे भिया, ये तो आपके घर की है!" नानासाहेब हसले नाहीत.

शेवटी अनघाची धाकटी बहीण आली. अनघा वर्गातली, पण ही धाकटी वर्गात कधीच आलेली नव्हती. तिला तांब्याचीच चिठ्ठी मिळाली. तिने वाचलं, तांब्या उचलला, सतरंजीच्या कडेला नेला आणि नीट पालथा ठेवला.

आमचा सगळा युक्तिवाद त्या तांब्यासोबत उलटा झाला होता.

"बघा," नानासाहेब म्हणाले. "ही कुठे येते वर्गात? तरी आलंच ना तिला?"

मी मान खाली घातली. आत्या मात्र खुर्चीवरून पुढे वाकली. तिच्या चेहऱ्यावर हरल्याचं काही नव्हतं, नुसती उत्सुकता होती.

"तुला कोणी शिकवलं गं?"

"अनघाताईने. रविवारी वर्गातून घरी आली की ती शाळा-शाळा खेळते. ती टीचर, मी बच्चा."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कम्प्युटरवाल्याला शनिवार देऊ," ते म्हणाले. मग नातीकडे बघून, "आणि ताई, हिचं नाव लिहा."

परीक्षेत माझा नंबर लागला नाही. मी वर्तमानपत्रात गेले आणि तिथेच रमले. बातमी द्यायची वेळ झालेली असते, सगळं पक्कं वाटत असतं आणि नेमकी एक गोष्ट आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. ती गाळून टाकायचा मोह होतोच...

तेव्हा मला खुर्चीवरून पुढे वाकलेली आत्या दिसते. विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीलाही तिच्यासारखं, मनापासून विचारायचं असतं... तुला कोणी शिकवलं गं?