पत्त्याची पडताळणी

कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून माझी उभी हयात गेली. गाडी आली की वरचा पांढराशुभ्र कापूस बघायचाच नाही, कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा ओढून काढायचा, हे मी पहिल्याच हंगामात शिकलो. तळाशी कधी कवडी, म्हणजे किडका डागाळलेला कापूस, निघायची, कधी वजन वाढवायला मारलेलं पाणी. निवृत्त होऊन अकोल्याला घरी बसलो तरी हाताची खोड काही गेली नाही. बायको म्हणते, "उद्या देव दारात आला तर तुमी त्याले आधार कार्ड मागसान." मागेनच. त्यात चूक काय आहे?

आमची मुलगी अमरावतीला इंजिनिअर झाली, दोन वर्षं तिथल्याच एका कंपनीत राबली आणि मग पुढच्या शिक्षणाला जर्मनीत गेली. पदवी हातात आल्यावर तिकडचं सरकार नोकरी शोधायला दीड वर्ष राहू देतं. तेवढ्यात शिक्षणाला साजेशी नोकरी लागली तर कामाचा परवाना मिळतो. पुढे नोकरी टिकली आणि भाषा जमली, की कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. नोकरी लागली नाही तर बॅग भरायची. तिला तिथंच राहायचं होतं आणि हे ती मला तोंडावर सांगायची. मला ते आवडत नव्हतं. तरी तिचे उरलेले महिने मी तिच्याइतकेच मोजत होतो.

त्यातलं वर्ष उलटलं तेव्हा कुणीतरी अमरावतीच्या एका व्हिसा सल्लागाराचं नाव सुचवलं. गेलो. काचेचं ऑफिस, गारेगार एसी, भिंतीवर परदेशी झेंडे धरून हसणारी मुलं. आत गेल्या गेल्या एक फॉर्म भरून घेतला. मग तो म्हणाला, "काकाजी, टेन्शन कायले घेता? आपल्या ओळखीची कंपनी आहे तिकडं. नोकरीचं पत्र भेटते. काम करा लागत नाही." काम न करता नोकरीचं पत्र म्हटल्यावर पाणी कुठं मुरतंय हे कळायला ग्रेडर असावं लागत नाही. मी म्हटलं, तुम्ही पाठवलेल्या एखाद्या मुलाशी बोलू द्या. त्यानं लगेच फोन लावून दिला. मुलगा कॅनडाहून फार गोड बोलत होता, थंडीनं जीव जातो म्हणाला, आणि त्याच्या मागं बडनेरा स्टेशनवर येणाऱ्या गाडीची घोषणा चालू होती.

"काहो," मी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारलं, "कॅनडा बडनेऱ्यात कवापासून आला?"

बाकावर बसलेले दोन पालक उठून चालते झाले. मीही निघालो. सल्लागार जिन्यापर्यंत मागे आला आणि हळूच म्हणाला, "तुमचा पत्ता आहे आमच्याजवळ, काकाजी." पत्ता मीच त्या फॉर्मवर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता.

त्या वाक्यानं मी घाबरलो, हे आज कबूल करतो. घरी येऊन फर्मान काढलं की मुलीबद्दल कुणीही विचारायला आलं तर काही म्हणजे काही सांगायचं नाही. समोर कुलर दुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांनाही बजावलं. आमच्या गल्लीची एक जुनी रीत आहे. लग्नाच्या मुलीची चौकशी करायला परकी माणसं येतात, किराणा दुकानात, टपरीवर बसून घरच्यांचे स्वभाव काढून घेतात. अशा वेळी गल्लीतला कुणीही उत्तर देण्याआधी मुलीच्या बापाकडे बघतो. बाप जे म्हणेल तेच सगळी गल्ली म्हणते. चाचा म्हणाले, "भाऊसाब, बेफिकर राहा. बेटीचं नाव बी नाही निघणार आपल्या तोंडातून."

दोन महिने उरले असताना मुलीला नोकरी लागली. यंत्रांचे भाग बनवणारी कंपनी होती. दुसरा बाप असता तर त्यानं पेढे वाटले असते. मी करारपत्र मागवून घेतलं, सही मोठी करून पाहिली, कंपनीची इमारत नकाशावर शोधली आणि आवारात गाड्या उभ्या दिसतात का तेही बघितलं. मग तिला विचारलं, "एवढे सारे सोडून त्याइनं तुलेच काहून घेतलं?"

"मले काम येते म्हणून घेतलं, बाबा," ती म्हणाली. कागदपत्रांची पडताळणी झाली की रुजू व्हायचं आहे, असंही तिनं सांगितलं. पडताळणी ईमेलवर होत असेल असं मी धरून चाललो.

एप्रिलातल्या एका दुपारी फाटकाशी मोटरसायकल थांबली. पन्नाशीचा माणूस, हातात हेल्मेट, खांद्याला बॅग. त्यानं मुलीचं पूर्ण नाव घेतलं आणि ती इथलीच का, म्हणून विचारलं. मी विचारलं, तुम्ही कुणाकडून आलात? तो म्हणाला, "ते सांगता येत नाही, गोपनीय राहते." आणि मोबाइल काढून आमच्या फाटकाचा फोटो घेतला. जिन्यातलं ते वाक्य माझ्या कानात वाजलं. बायको ओल्या हातानं बाहेर येत होती, तिला मी डोळ्यांनीच थोपवलं.

"अशी कोणी मुलगी इथं राहत नाही," मी म्हणालो. "या घरची नाहीच ती."

तो सरळ चाचांच्या दुकानात गेला. चाचांनी रीतीप्रमाणे आधी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. "नाही भाऊ," चाचा त्याला म्हणाले, "पुरी जिंदगी इथं गेली आपली. त्या घरात पोरगीच नाही." कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानंही तेच सांगितलं. माणूस कागदावर काहीबाही लिहून निघून गेला. मी गाडीचा नंबर टिपून ठेवला आणि चाचांना चहा पाजला. एवढा खूश मी बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो.

चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, आपल्या घरी कोणी विचाराले आलं होतं काय?"

तिच्या आवाजावरूनच मला कळलं. तो माणूस कंपनीनं नेमलेल्या पडताळणीवाल्यांचा होता. त्याच्या अहवालात लिहिलं होतं की दिलेल्या पत्त्यावर उमेदवाराला कुणी ओळखत नाही आणि त्या घरात मुलगी नसल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. कंपनीनं तिचं रुजू होणं थांबवलं होतं. नोकरी शोधायची मुदत संपायला पंचवीस दिवस होते.

"तुमी असं म्हटलं?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रडत राहिली आणि मी फोन कानाला लावून उभा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलीला खोटं पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पडताळणीवाल्यांचं अकोल्यातलं ऑफिस शोधून काढलं. सोबत रेशन कार्ड, तिचा जन्मदाखला, दहावीची सनद, घरातले फोटो. टेबलामागच्या बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "तुमीच वडील कशावरून? त्या दिवशी तर तुमीच म्हटलं, या घरची नाही म्हणून." मी कागद पुढे सरकवले. त्या म्हणाल्या, "कागद तर कोणीबी बनवून आणते, काका." त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. कंपनीनं लेखी कळवलं तरच आम्ही पुन्हा येऊ, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे माझ्या मुलीला तिच्या होणाऱ्या साहेबांना लिहून द्यावं लागलं की माझा बाप घाबरून खोटं बोलला. काय शब्द वापरले ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आठवड्यानं तोच माणूस पुन्हा आला. माझा जबाब घेऊन तो चाचांकडे गेला, मी मागोमाग. त्यानं प्रश्न विचारला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्यासमोरच मोठ्यानं म्हणाले, "भाऊसाब, आज काय सांगू?"

त्या माणसाचा पेन थांबला.

"खरं सांगा," मी कसंबसं म्हणालो.

मग चाचा सुटले. तिचा जन्म, तिची पहिली सायकल, याच दुकानात बसून तिनं उघडलेला कुलरचा पहिला पंप, पंप उघडून पाहिल्याशिवाय घरी न जाण्याची तिची जिद्द, सगळं. मला यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणाले, "बाप तिचा शक्की आहे, लिहून घ्या. पोट्टी सोनं आहे." माणसानं खरंच लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

मुदत संपायच्या आठच दिवस आधी ती रुजू झाली. त्याला आता वर्ष होऊन गेलं. रविवारी तिचा फोन येतो. मागच्या रविवारी बोलता बोलता म्हणाली, "बाबा, ऑफिसात अडीअडचणीले भारतात कोणाले फोन करायचा, त्याचा फॉर्म नवीन भरून घेतला. मी चाचांचा नंबर देल्ला."

"बरं केलं," मी म्हणालो.

"तुमाले राग नाही न आला?"

"नाही."

राग नव्हताच. पण लागलं, खूप लागलं. फोन ठेवून मी समोर गेलो. चाचा कुलरच्या मोटरीवर वाकले होते. त्यांना म्हटलं, मुलीबद्दल कुणाचा फोन आला तर लगेच उचला आणि जे असेल ते सांगा.

"आन तुमाले विचारू न पहिले?" चाचांनी मान वर करून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मले नका विचारू."