आधी चहा, मग म्हैस

चहा घेतल्याशिवाय आप्पांनी म्हशीला हात लावल्याचं सुरतेच्या डिंडोलीत कोणी पाहिलेलं नाही. आप्पा जनावरांचे डॉक्टर. मालक घायकुतीला आलेला, म्हैस रेकतेय आणि हे खाटेवर बसून बशीत फुंकर मारतायत. कोणी घाई केलीच, तर म्हणायचे, "चहा पेवाशिवाय जनावरले हात लावानं नही."

पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. डोळा मात्र न्यूझीलंडवर. बारडोलीपर्यंतच्या गोठ्यांतला चहा पिऊन मला पित्ताचा त्रास सुरू झाला. एकदा वैतागून म्हटलं, "आप्पा, परदेशात हे असलं चालत नाही."

"तठे गायी शेतस ना?"

"आहेत की."

"मंग चहा बी व्हई."

तिथे डॉक्टरकी करायची तर आधी त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा. पहिल्या खेपेला मी नापास झाले. दुसऱ्यांदा झाले असते, तर गाशा गुंडाळून सुरत. समोर गाय, शेजारी तिचा मालक, मागे घड्याळ बघणाऱ्या परीक्षकबाई. माझं डोकं रिकामं झालं आणि तोंडातून निघालं, "आधी चहा मिळेल का?"

बाईंचं पेन थांबलं. मालकाला मात्र काही वावगं वाटलं नाही. त्याने थर्मासमधून मगभर ओतून दिला. बशी नव्हती, मी मगातच फुंकर मारत बसले. बसल्या बसल्या दिसलं, गाय मागचा डावा पाय टेकवत नाहीये. पाठ वाकवून उभी आहे. आप्पा बशीवरून इतकी वर्षं काय बघत होते, ते तेव्हा कळलं. चहा संपायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "आता हात लावायला हरकत नाही."

पास झाल्याचा फोन केला, तर आप्पांनी एवढंच विचारलं, "साखर व्हती का त्यामा?"

"नव्हती."

"मंग कसाना पास?"

परवा सुट्टीवर आले, तर आप्पा अंथरुणाला खिळलेले. माणसांच्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास नव्हताच. नाडी बघायला मी हात पुढे केला, तर त्यांनी आपला मागे घेतला.

"पहिले चहा."

मी खाटेसमोर बसले. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, चहा दिला. बशीत फुंकर मारत आप्पांकडे बघत राहिले. पायांवरची सूज दिसली, श्वास दिसला. हात लावायची गरजच उरली नाही. तेही माझ्याकडे बघत होते, मी काय काय टिपलं ते तपासत.

बशी रिकामी झाली, आता सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "काकू, अजून अर्धा कप देता?"