साहेबांचं पथ्य

दवाखान्यातल्या पथ्याच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. बिनमिठाची डाळ, बिनतेलाची भाजी, गाळून पातळ केलेलं सूप. पेशंट नाकं मुरडायचे, नातेवाईक तोंडावर बोलायचे, आणि तिचं नाव पडलं ते ‘बिनमिठाच्या बाई’. तिला काडीचाही फरक पडत नसे. परत आलेल्या ताटात किती उरलंय एवढं ती बघायची, पण “आवडलं का?” असं तिने जन्मात कुणाला विचारलं नाही. औषध काय आवडीने घेतात?

निवृत्तीनंतर ती राहिली धाकट्या भावाबरोबर. राहिली म्हणजे एका छताखाली, एवढंच. तो जुना लिफ्ट-मेकॅनिक, तोंडाचा फाटका. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलं होतं, आणि त्या भरल्या घरात हा म्हणाला, “शेवटचा महिना आई उपाशी राहिली. हिच्या हातचं घशाखाली उतरेना तिच्या.” त्या दिवसापासून चार वर्षं बोलणं बंद. एकाच ओट्यावर दोन शेगड्या, दोन फडकी, मिठाचे दोन डबे. काही सांगायचंच झालं तर भिंतीला ऐकवायचं.

दोघांच्या मध्ये एकच जीव होता, साहेब. लिफ्टच्या खड्ड्यातून भावाने उचलून आणलेला तांबडा कुत्रा, आता बारा वर्षांचा. भाऊ त्याला रोज लोण्यात परतलेली कलेजी घालायचा, आणि ती भिंतीला ऐकवायची, “मारणार आहे एक दिवस मुक्या जनावराला!”

आणि झालं तसंच. साहेब ओकायला लागला, पाठीला पोक काढून कोपऱ्यात उभा राहिला. दोघं त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली, गाडीत दोन टोकांना बसून. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. “स्वादुपिंडाला सूज आहे. खायला काय घालता?”

“कलेजी,” भाऊ म्हणाला. “लोण्यात. जीव की प्राण आहे त्याचा.”

“तेच बाधलंय त्याला. यापुढे तेल-तुपाचा थेंब नाही. उकडलेली कोंबडी, मऊ भात, भोपळा. थोडं थोडं, चार वेळा.”

भावाचं तोंड एवढंसं झालं. आणि तिला असा आनंद झाला म्हणता! लाज वाटायला हवी होती, पण छे, मुळीच वाटली नाही.

घरी येताच तिने पदर खोचला. कोंबडीचं कातडं सोललं, चरबी निपटून काढली, मांस उकडलं. पाणी गार करून वर आलेला तवंग काढून टाकला, त्याच पाण्यात भात शिजवला, भोपळा घोटून घातला. वाडगं साहेबापुढे ठेवलं. त्याने हुंगलं, मान वळवली आणि भावाच्या दाराशी जाऊन पडला. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, “उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दाखल करा. पण वय झालंय, मी भरवसा देत नाही.”

भावाने आपला काळाकुट्ट तवा शेगडीवर आदळला आणि लोण्याचा डबा उघडला. तिने डबा हिसकावला.

“सोड! तुझ्या हातचं तो खाणार नाही,” चार वर्षांनी तो थेट तिच्याशी बोलला. “आईनेही खाल्लं नव्हतं. आता ह्यालाही मार.”

डबा त्याच्या टाळक्यात घालावा असं तिच्या मनात आलं, हातही उठला. तेवढ्यात तिला दिसलं, साहेब उठून उभा राहिला होता. पाय लटपटत होते, पण कान टवकारलेले, नजर त्या तव्यावर. दोन दिवस तिच्या वाडग्याकडे त्याने असं एकदाही पाहिलं नव्हतं. भाऊ खरं बोलतोय, हे तिला कळलं, आणि ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

तिने वाडगं उचललं आणि सगळं त्या तव्यात उपडं केलं.

“कोमट कर. तुझ्या हाताने घाल. लोणी घातलंस तर हात तोडीन तुझा.”

भावाने बोटांनी एक घास केला. साहेबाने तो चाटला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. ती पाठमोरी उभी राहून ओटा पुसत राहिली, स्वच्छ असलेलाच.

आठवड्याने साहेब जिना चढायला लागला. शेजारीण दारात कौतुकाने म्हणाली, “अगदी मरणाच्या दारातून आणलंत हो!”

“माझ्या हातचं सोडून दुसरं शिवतच नाही ना तो,” भाऊ ऐटीत म्हणाला. “काही लोकांनी उपाशीच मारला असता.”

आत ती भोपळा चिरत होती. सुरी थांबली. बाहेर जावं, शेजारणीसमोर त्याचं पितळ उघडं पाडावं. चार शब्दांचं काम होतं. पण साहेब तव्याजवळ उभा होता, आणि भाऊ भडकला तर उद्या पुन्हा कलेजी आणायला कमी करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“मेल्या,” ती पुटपुटली, आणि उरलेला भोपळा चिरून तिने साहेबाचा भात शिजायला टाकला.