दत्तोपंतांच्या हिरोची चौकशी

दत्तोपंत गायधनींच्या घरी सत्यनारायण असला की गुरुजींच्या आधी दत्तोपंत बोलतात. पाटाशेजारी उभे राहून ते विमानातल्या हवाईसुंदरीसारखे दोन्ही हात पसरतात आणि जाहीर करतात, "बाहेर पडायचे मार्ग दोन. एक हा पुढचा दरवाजा, दुसरा स्वयंपाकघरातून जिन्याकडे. आग विझवायचं नळकांडं फ्रिजशेजारी. समईजवळ बसणाऱ्यांनी ओढण्या आणि पदर आवरावेत. हं, करा सुरू." आमचे गुरुजी म्हणजे दोह्यातल्या एका बँकेत नोकरी करणारा कौशिक. तो बिचारा सोवळं सावरत दोन्ही मार्गांकडे आदराने बघतो आणि मगच आचमन करतो.

याला कारण आहे. दत्तोपंत कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात सेफ्टीचे साहेब. तिथे कुठलीही मीटिंग 'सेफ्टी मोमेंट'ने सुरू होते. म्हणजे कोणीतरी उठायचं आणि थोडक्यात टळलेला एखादा अपघात सांगायचा. दोष कोणाचा काढायचा नाही, फक्त काय घडलं ते सांगायचं. बाकीचे मग 'का? का?' विचारत मुळापर्यंत जातात. आमच्या इथल्या मराठी मंडळात निम्मे लोक तेल-गॅसमधले, त्यामुळे ही सवय सगळ्यांच्या रक्तात मुरलेली. पण ती हळदीकुंकवापर्यंत आणली ती दत्तोपंतांनी. मागच्या संक्रांतीला एका वहिनींनी तिळाचा पाक हातावर उडता उडता कसा राहिला ते सांगितलं, तर बायकांनी त्यांना वाण देण्याआधी अर्धा तास प्रश्न विचारले.

नाशिकच्या या गृहस्थाचं आयुष्यात तिघांवर प्रेम. सेफ्टी, पत्नी शशिकलावहिनी आणि सिनेमातला हिरो समशेरराज. क्रमाबद्दल घरात वाद आहे.

समशेरराज म्हणजे एकेकाळचा मराठी पडदा दणाणून सोडणारा नट. खरं नाव श्रीपाद, पण श्रीपाद नावाच्या माणसाने एका वेळी दहा गुंड लोळवलेले बरे दिसत नाहीत. त्याचं शूटिंग नाशिकला आलं असताना कॉलेजातल्या दत्तोपंतांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. तो आज दोह्याजवळच्या वक्र्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर टांगलेला आहे. फोटोत समशेरराजच्या कमरेला पिस्तूल आहे आणि दत्तोपंतांच्या डोक्यावर केस. दोन्ही गोष्टी पाहुण्यांना खोट्या वाटतात.

पुढे सांगलीकडच्या एका लग्नात समशेरराजच्या पिस्तुलातून गोळी सुटली. हे पिस्तूल खरं होतं. गोळी बँडवाल्याच्या पितळी भोंग्यातून आरपार गेली, बँडवाला वाचला. "गोळी माझ्या ड्रायव्हरने झाडली," असं समशेरराज म्हणाला, ड्रायव्हरनेही मान डोलावली आणि तो आत गेला. तेव्हापासून गायधनींच्या घरात हा खटला चालू आहे.

"अहो, त्यानेच झाडली ती," शशिकलावहिनी म्हणतात.

"कोर्टात सिद्ध झालं नाही."

"कोर्टाने त्या ड्रायव्हरचा चेहरा नीट पाहिला नसेल. पेपरात फोटो होता. पिस्तूल सोडा, त्याने कधी टिकल्यांची बंदूकसुद्धा वाजवली नसेल."

सिनेमे थांबले, पोट सुटलं, तसा समशेरराज 'घर तिथे शस्त्र' नावाच्या मोहिमेचा चेहरा झाला. प्रत्येक सज्जनाकडे परवान्याचं पिस्तूल हवंच, असं गावोगाव भाषणात सांगत फिरू लागला. ज्याच्या हातून दूध उतू गेलं त्यानेच गल्लीभर शेगड्या वाटत फिरावं, तसा हा प्रकार. मोहिमेबद्दल विचारलं की दत्तोपंत एवढंच म्हणत, "कलावंत आहे. मनाने भोळा आहे."

यंदा दिवाळीच्या स्नेहसंमेलनाला ठरलेल्या गायिकेचा घसा बसला आणि दत्तोपंतांनी आपला हिरो पुढे केला. अडचण एकच होती, इथल्या भारतीय शाळेचा हॉल. हॉल ज्यांच्या हातात त्या प्रिन्सिपल तसनीम मॅडम हैदराबादच्या. बोलायला अत्तरासारख्या, नियमाला पोलादासारख्या. त्यांनी पाहुण्याचं नाव फोनवर शोधलं आणि चष्म्यावरून दत्तोपंतांकडे पाहिलं.

"गायधनी साहब, हमारे स्टेज पर बंदूक की तक़रीर नहीं होगी. हुई, तो ये आपका आख़िरी प्रोग्राम समझिए. आप ज़बान दे रहे हैं?"

दत्तोपंतांनी जबान दिली. हा हॉल गेला तर आमचं मंडळ म्हणजे नुसता सुप्रभात पाठवणारा व्हॉट्सॲप ग्रुप उरणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नाटकाची तालीम, मुलांचे नाच, गणपती, सगळं त्या एका हॉलवर. आणि दत्तोपंतांचा शब्द इतक्या वर्षांत कधी घसरला नव्हता. त्याच्याही पायात सेफ्टीचे बूट असावेत.

विमानतळावर समशेरराज गॉगल लावून उतरला. दत्तोपंतांनी त्याला पट्टा बांधेपर्यंत गाडी सुरू केली नाही.

"पंत, उद्या काय भाषण ठोकतो बघा! बायाबापड्या हॉलमधून उठून थेट परवान्याच्या रांगेत उभ्या राहतील."

"साहेब, इथे तो विषय नको. मी शब्द दिलाय. जुन्या आठवणी सांगा. एखादं गाणं म्हणा."

"इन्शाल्ला!" समशेरराज म्हणाला. हा शब्द तो विमानात शिकला होता. 'देवाची इच्छा असेल तर' या उत्तराचा अर्थ 'बहुतेक नाहीच' असा असतो, हे आखातात राहिलेल्या माणसाला कळतं. दत्तोपंत कॉर्निशच्या किनारी रस्त्यावरून जाताना समुद्राकडे न बघता देवाचं नाव घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च. पुढच्या रांगेत तसनीम मॅडम, त्यांच्यामागे शशिकलावहिनी. समशेरराज माइकपाशी आला आणि थोडा वेळ आठवणींत रमला. मग त्याने आवाज खाली आणला. पडद्यावर गुंड यायच्या आधी आणायचा तसा.

"पण माझ्या माता-भगिनींनो, तुमच्या घराचं रक्षण आज कोण करतंय? हात रिकामे आहेत तुमचे! माझं ऐका, प्रत्येकाने..."

तसनीम मॅडमना मराठी येत नव्हती, पण त्याने दोन बोटांचं पिस्तूल करून वर धरलं होतं. त्यांनी मान वळवून विंगेत उभ्या असलेल्या दत्तोपंतांकडे पाहिलं.

दुसरा कोणी असता तर त्याने माइकची वायर उपटली असती. पण परवानगीशिवाय वीजपुरवठा तोडणं दत्तोपंतांच्या धर्मात बसत नाही. ते रेशमी कुडत्यात थेट स्टेजवर गेले.

"साहेब, माफ करा. आज सेफ्टी मोमेंटच राहिला. तुमच्यापासून सुरुवात करू. थोडक्यात टळलेला एखादा अपघात सांगा. घोड्यावरून पडलात वगैरे."

हॉलने सवयीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हटल्यावर समशेरराजला राहवतंय कुठे! पण त्याने घोडा सोडला आणि लग्नच धरलं.

"ऐका! शस्त्र अडाण्याच्या हाती गेलं की काय होतं! माझं पिस्तूल गाडीच्या कप्प्यात होतं. आमच्या किसनने, ड्रायव्हरने, उत्साहात काढलं आणि धाडकन! बँडवाल्याच्या भोंग्यातून आरपार. कानापासून एवढं अंतर!"

झालं. थोडक्यात टळलेला अपघात, आणि समोर दोनशे इंजिनियर. पहिला हात वर गेला तो नुपूरचा. ती कंत्राटावर आलेली पुण्याची पोरगी, समशेरराजचा एकही सिनेमा न पाहिलेली.

"सर, कप्प्याला कुलूप होतं?"

"अर्थात!"

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे. म्हणजे... किसनकडेही असेल."

"किल्ली देण्या-घेण्याची पद्धत काय ठरली होती?" मागून कोणीतरी विचारलं. आवाजात विखार नव्हता. सोमवारी सकाळी प्लांटवर असतो तोच चेहरा सगळ्यांनी केला होता.

"गाडी कुठे उभी होती?"

"मांडवाबाहेर, रस्त्यावर. बँडवाल्याच्या पाठीमागे."

"आणि तुम्ही?"

"मांडवात, त्याच्या समोर. माझ्यासाठीच तर वाजवत होता तो!"

"म्हणजे भोंग्याचं तोंड तुमच्याकडे," नुपूर म्हणाली. "गोळी कुठून आत गेली, सर?"

"तोंडातून," समशेरराज म्हणाला. आणि मग आपण काय म्हणालो ते त्याला ऐकू आलं.

गाडी भोंग्याच्या मागे आणि गोळी मात्र पुढून, हे हॉलमध्ये सगळ्यांनी एकदमच जुळवलं. दत्तोपंतांना तेव्हा हिरोला वाचवता आलं असतं. 'वेळ संपली' म्हणायचा अवकाश होता. त्यांनी फोटोत दिसतो तसा भाबडा चेहरा केला आणि हळूच म्हणाले, "साहेब, दोष काढायचा नाही. फक्त काय घडलं."

समशेरराजने गॉगल काढला. "पंत, शेरवानीची बाही लांब होती हो. हवेत झाडायला गेलो आणि चाप बाहीत अडकला."

"ढगळ कपडे!" तीन-चार इंजिनियर एकदम ओरडले. मूळ कारण सापडल्याचा आनंद त्यांना आवरेना.

"आणि किसन?" शशिकलावहिनींनी विचारलं. त्या इंजिनियर नव्हेत.

"तो... मी सांगितलं म्हणून हो म्हणाला. नंतर गावी गेला. मी फोन नाही केला कधी."

यावर टाळ्या कशा वाजवायच्या ते कोणालाच कळेना. शेवटी दत्तोपंतांनी सवयीने विचारलं, "उपाय काय?" हॉल एका सुरात गरजला, "एलिमिनेशन!" धोका आवाक्यात ठेवायचे उपाय क्रमाने असतात, आणि सगळ्यात पहिला उपाय म्हणजे धोकाच उचलून बाहेर टाकणं.

"अहो पण पंत," समशेरराज कळवळून म्हणाला, "पिस्तूल हेच तर संरक्षणाचं साधन!"

"संरक्षणाची साधनं सगळ्यात शेवटी येतात, साहेब. हेल्मेटबरोबर."

भाषण तिथेच संपलं. समशेरराजने एक लावणी म्हटली, बेसूर. त्याला त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी मिळाली.

जेवणाच्या वेळी दत्तोपंत स्वतःहून तसनीम मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. नुपूरने मॅडमना मगाशी सगळं हिंदीत समजावलं होतं.

"मॅडम, ज़बान टूट गई. बंदूक का ज़िक्र हो गया स्टेज पर."

"ज़िक्र? गायधनी साहब, और किसी चीज़ का ज़िक्र ही कहाँ हुआ!" मॅडमनी श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला. दत्तोपंतांचा चेहरा उतरला. "मगर तक़रीर नहीं थी वो. वो तो हमारी स्टाफ़ मीटिंग थी. फ़र्क़ इतना, कि हमारे यहाँ आख़िर में कोई मानता नहीं. हॉल आपका है. अगला मेहमान मैं चुनूँगी."

समशेरराज परत गेला. त्याची मोहीम थांबली म्हणाल तर तसं काही नाही. तो अजून फिरतो, पण भाषणाच्या सुरुवातीला आता 'आधी बाह्या दुमडा' असं सांगतो, असं ऐकतो. विमानतळाकडे जाताना मात्र तो दत्तोपंतांना म्हणाला होता, "पंत, किसनचा नंबर कोणाकडे मिळेल हो?" आणि गाडीचा पट्टा न सांगता बांधला होता.

शुक्रवारी सकाळी दत्तोपंत स्टुलावर चढून तो फोटो काढायला लागले.

"कशाला काढताय?" शशिकलावहिनी म्हणाल्या.

"तू म्हणत होतीस तेच खरं निघालं."

"तेवढं तुमच्या तोंडून आलं ना, मग राहू दे त्याला. आता कुठे जरा माणसासारखा दिसायला लागलाय. आणि अहो, आधी खाली उतरा. स्टुलाचा पाय हलतोय."

दत्तोपंत तसेच वर थबकले. एका हातात हिरो, दुसरा हात भिंतीला. मग वहिनींनी स्टूल धरलं आणि ते एकेक पाय टेकवत उतरले. पुढच्या सत्यनारायणाला सेफ्टी मोमेंट म्हणून त्यांनी हेच सांगितलं. आम्ही सगळ्यांनी 'का? का?' विचारलं. स्टूल दुरुस्त करायचं काम कोणाकडे होतं, हा प्रश्न नुपूरने विचारला, तेव्हा दत्तोपंत म्हणाले, "हं, गुरुजी, करा सुरू."