पाठीवरची हिरवी पट्टी

निवाऱ्यातले लोक गमतीनं म्हणायचे, "शिंपीकाकांच्या टेबलाजवळ कोट घालून उभं राहू नका, बोलता बोलता कॉलर बदलतील." काका चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "कॉलर कशाला, तुझं तोंडच बदललं असतं. पण तेवढं कापड नाही माझ्याकडे." मग सगळे हसायचे. हसण्याचे प्रसंग तिथे बेताचेच, त्यामुळे तेवढा एक विनोद वर्षानुवर्षं पुरला.

निवारा म्हणजे एका जुन्या गोदामात चालणारी संस्था. दुपारी ऐंशी-नव्वद माणसं जेवायला यायची, तीसेक जणांची झोपायची सोय होती आणि थंडी पडली की गरम कपडे वाटले जायचे. कपडे यायचे त्याच गावातून आणि जायचेही त्याच गावात. सगळी मेख तिथेच होती. गाव एवढंसं, बाजार एकच, देणारा आणि घेणारा दिवसातून दोनदा समोरासमोर यायचे.

काका मुळात तिथे शिवायला आलेच नव्हते, जेवायला आले होते. आधी दुकान गेलं, पाठोपाठ बायको गेली, मग घराला घर म्हणावं असं काही उरलं नाही. पहिल्या थंडीत संस्थेनं त्यांना एक कोट दिला. काळा, चांगल्या घरातला, खिशांवर झाकणं असलेला. तो घालून बाजारातून जाताना एक बाई मैत्रिणीला मोठ्यानं म्हणाली, "अगं, तो बघ, आमच्या ह्यांचा कोट!" तिच्या मनात वाईट काही नव्हतं हो. उलट कौतुकच होतं, आपली वस्तू कुणाच्या तरी कामी आली म्हणून. पण अख्खा बाजार वळून बघायला लागला. काकांनी भर थंडीत कोट काढला, नीट घडी घातली, तिच्या हातात ठेवला आणि नुसत्या सदऱ्यावर निवाऱ्यात परत आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मोठ्या बाईंपुढे उभे राहिले. मोठ्या बाई म्हणजे संस्था चालवणाऱ्या. काका म्हणाले, "कोपऱ्यातली ती मोडकी मशीन मला द्या. इथून बाहेर जाणारा एकही कोट त्याच्या पहिल्या मालकाला ओळखू येणार नाही, एवढं मी बघतो." बाईंनी मशीन दिली. त्या दिवसापासून तेरा वर्षं काकांनी शब्द पाळला. बटणं बदलायची, कॉलर उलटायची, खिशाचं झाकण काढायचं, कोपरावर ठिगळ लावायचं, नावाची चिठ्ठी असली तर उसवायची. काढलेलं सगळं टेबलाखालच्या चिंध्यांच्या पोत्यात जायचं. टेबलावर आला तो कोट बदललाच पाहिजे, हा नियम त्यांच्या बोटांत इतका भिनला होता की डोकं वेगळं चालवायची गरजच उरली नव्हती.

आणि तेच नडलं.

त्या वर्षी थंडी तोंडावर होती. एका सकाळी दूधवाल्यानं एका म्हाताऱ्याला आपल्या गाडीतून आणून सोडलं. बिचारा रात्रभर नाल्याकाठी पडलेला असावा, नखशिखांत भिजलेला, चिखलानं माखलेला, छातीपर्यंत पांढरी दाढी. नाव विचारलं तर नुसता हसायचा. गाव विचारलं तरी हसायचा. निवाऱ्याची रीत ठरलेली होती: आधी गरम पाणी, मग न्हावी, मग जेवण. उवांच्या भीतीनं दाढी आणि डोकं दोन्ही सफाचट झालं. काकांनी त्याला पाहिलं ते त्यानंतरच. अंगावरचे कपडे धुवायला गेले. धुऊन आलेला कोट वाळला आणि दानाच्या ढिगाबरोबर काकांच्या टेबलावर येऊन पडला.

तपकिरी कोट. पाठीवर मधोमध विटेएवढी एक हिरवीगार पट्टी, शिवलेली अशी की फर्लांगावरून दिसावी. तिचा एक कोपरा मोकळा होता. काकांना वाटलं, टाका निसटलाय. "काय एकेक हौस असते!" असं पुटपुटत त्यांनी पट्टी भराभर उसवली आणि न उलटता पोत्यात टाकली. कॉलर पालटली, बटणं बदलली आणि कोट वाटपाच्या कपाटात टांगला. तो एरवी दुसऱ्या कुणाला गेलाही असता, पण म्हाताऱ्यानं कपाटापुढे जाऊन बरोबर तोच ओढून काढला. काकांना गंमत वाटली. "बघा, नजर आहे आजोबांना," ते म्हणाले.

आजोबा जेवायला नेहमी शेवटच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून बसायचे. म्हणून सगळे त्यांना भिंतीकडचे आजोबा म्हणायला लागले. त्रास काही नव्हता त्यांचा. एकच खोड होती. समोर कुणी आलं की ते हात पाठीमागे न्यायचे आणि पाठ चाचपायचे. चाचपायचे, थांबायचे, पुन्हा चाचपायचे आणि मग समोरच्याकडे असे बघायचे की जणू चूक त्याचीच आहे. काकांसमोर तर दिवसातून चार वेळा. काकांना दया आली. त्यांनी मोठ्या बाईंना सांगून खाजेवरची पावडर आणवली आणि स्वतःच्या हातानं आजोबांच्या पाठीला चोळली. आजोबा त्यांचा हात धरून रडले. काकांना वाटलं, बरं वाटलं असेल.

दहाएक दिवसांनी, ऐन जेवणाच्या वेळी, साठीची एक बाई दारात आली. पायांत धुळीनं पांढरे पडलेले बूट, हातात पिशवी. मोठ्या बाई धान्य आणायला गेल्या होत्या. दाराशी मशीन असलेले काकाच तेवढे होते.

"मास्तर, माझा थोरला भाऊ हरवलाय," ती म्हणाली. "डोक्यानं जरा अधू आहे. बोलत नाही."

"न बोलणारे इथे डझनभर आहेत, ताई. बोलणारेच कमी." काकांनी मशीनवरचा पाय काढला नाही. संध्याकाळच्या आत सोळा कोट व्हायचे होते. "दिसायला कसे आहेत?"

"पांढरी दाढी आहे, अशी छातीपर्यंत. आणि तपकिरी कोट. पाठीवर हिरवी पट्टी आहे, मीच लावलेली. बाजारातल्या गर्दीत मला लांबून दिसावा म्हणून."

काकांनी आठवून बघितलं. आता इथे कुणाला दोष द्यायचा? दहा दिवसांत त्यांच्या हाताखालून सव्वाशे कोट गेले होते. पट्ट्या, बिल्ले, ठिगळं, झालरी, काय काय उसवलं होतं त्यांनी! बोटांनी केलेलं काम डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पण "आठवत नाही" एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. तसं म्हणाले नाहीत ते. अभिमान आडवा आला. ते म्हणाले, "ताई, इथला प्रत्येक कोट माझ्या हाताखालून जातो. असा कोट इथे नाही. लिहून घ्या."

तरीही ती आतल्या दारापर्यंत गेली. माणसं रांगेनं जेवत होती. तिनं एकेक पाठ बघितली. भावाला शोधायचं म्हणजे पाठच बघायची, चेहरा नाही, ही तिची आठ वर्षांची सवय. शेवटच्या रांगेत एक हडकुळी, सफाचट डोक्याची पाठ भिंतीकडे तोंड करून बसली होती. तपकिरी कोट, वेगळी कॉलर, पट्टी नाही. तिची नजर त्या पाठीवर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"अजून तीन गावं बघायची आहेत," असं म्हणून ती निघाली. काकांनी तिला पाणी विचारलं. ती दारातच उभ्यानं प्यायली आणि भांडं धुऊन ठेवून गेली.

महिन्याभरानं आजोबांना ताप भरला. छातीत कफ झाला होता. सरकारी दवाखान्यात सातव्या दिवशी ते गेले. कागदावर नावाच्या जागी रेघ मारली आणि पालिकेच्या माणसांनी पुढचं उरकलं. काका गेले होते सोबत. परत आल्यावर म्हणाले, "कुणीतरी असेल हो ह्यांचं. एवढी पाठ चाचपायचे, मायेनं कुणीतरी खाजवत असणार." एवढं बोलून मशीनवर बसले.

त्यानंतर नवव्या दिवशी एका लहान मुलीच्या कोटाला ठिगळ हवं होतं. मुलगी म्हणाली, हिरवं लावा. काकांनी पोतं उपसलं. हिरवी पट्टी हाताला लागली. आकार बघायला म्हणून त्यांनी ती उलटी केली.

आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यानं, बारीक टाक्यांत, एक पत्ता भरलेला होता. रस्ता, घराचा आकडा, गाव. खाली लिहिलं होतं: "हे माझे दादा आहेत. कृपा करून घरी पोचवा."

कोपरा मोकळा होता तो टाका निसटून नव्हे. उचलून वाचता यावं म्हणून होता.

मुलगी म्हणाली, "काका, हिरवं सापडलं ना?" त्यांनी मान हलवली, पट्टी खिशात घातली आणि तिला निळं ठिगळ लावून दिलं. ती रुसली. मग त्यांनी मशीनवर कापड टाकलं. मोठ्या बाईंना जे घडलं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "पत्र पाठवू. तुम्ही नका जाऊ, काका. तुम्हाला झेपणार नाही." काका म्हणाले, "उसवताना झेपलं ना?" आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले.

दोन तासांचा रस्ता. घर लहान, स्वच्छ, दाराला आतून वरच्या बाजूला कडी, बहुधा दादा उठून बाहेर जाऊ नये म्हणून. तिनं दार उघडलं, काकांना ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तो उजळलेला चेहरा काकांना अखेरपर्यंत विसरता आला नाही.

"सापडला? मास्तर, सापडला ना?"

काकांनी पट्टी पुढे केली. वाटेत त्यांनी शंभर वाक्यं जुळवली होती. शेवटी जे होतं ते सरळ सांगितलं. तुम्ही आलात तेव्हा ते आतच होते. पट्टी मी उसवली होती. आता ते नाहीत.

ती खुर्चीवर बसली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर काकांनी त्या आनंदानं घेतल्या असत्या. तिनं विचारलं, "तुम्ही का उसवलीत?"

काकांनी बाजारातल्या बाईची गोष्ट सांगितली. काळा कोट, झाकणांचे खिसे, सगळे वळून बघणारे लोक. आणि देणाऱ्याला ओळखू येऊ नये म्हणून केलेला नियम. ऐकता ऐकता ती मान डोलवत होती, जणू तिला ते पटत होतं. त्यामुळे काकांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती म्हणाली, "पण त्यानं कुणाला दाखवली कशी नाही? मी पढवलं होतं त्याला. हरवलास की समोर येईल त्याला पाठीवरची पट्टी दाखवायची. रोज सकाळी दारात उभं करून उजळणी घ्यायचे. दाखव दादा, की तो हात मागे न्यायचा. ते कधी चुकला नाही तो."

इथे गप्प बसता आलं असतं. पावडरचं कुणालाच माहीत नव्हतं, कळणारही नव्हतं.

"दाखवत होते," काका म्हणाले. "रोज दाखवत होते. मलाच जास्त. मला वाटलं, खाज सुटलीय. मी पावडर लावली."

ती आता रडली. आवाज न करता, पण खूप वेळ. काका उभेच राहिले. बसा असं तिनं म्हटलं नाही आणि बसायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांनाही वाटलं नाही.

डोळे पुसून ती आत गेली आणि कपड्यांचं एक गाठोडं घेऊन आली. चार सदरे, दोन स्वेटर, एक जुना कोट. सगळे धुतलेले, घड्या केलेले. प्रत्येकाच्या पाठीवर एक हिरवी पट्टी.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "थंडी आहे, कुणाला तरी होतील."

"ताई, हे मी कसं..."

"ह्यांच्या पट्ट्या काढा. सगळ्या. कॉलर बदला, बटणं बदला, तुमची जी काय रीत असेल ती सगळी करा. मी बाजारहाटाला तुमच्या गावात येते कधी कधी." तिनं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. "मला एखादी पाठ ओळखू आली, तर मी तिच्यामागे धावत सुटेन, मास्तर."

काका परत आले. निवाऱ्यात जेवणं चालली होती, भिंतीकडची जागा रिकामी होती. ते टेबलाशी बसले, दिवा ओढून घेतला आणि पहिला सदरा पसरला. त्या दिवशी कुणी त्यांच्याशी विनोद केला नाही. टाके बारीक होते, एकेक टाका सोडवायला वेळ लागत होता. त्यांनी पट्टी सोडवली, उलटी केली, पत्ता पूर्ण वाचला आणि मग दुसरा सदरा घेतला.