पेशंट आणि पेशन्स

नवरा वारल्यावर माझी थोरली बहीण टेंभुर्णीला भावाच्या घरी परत आली. आमच्या मोगलाईत चार इयत्ता मराठी शिकलेल्या बाईला नोकरी कुठली? वहिनीच्या हाताखालून सुटायला जालन्याचा मिशनचा दवाखाना, तिथलं नर्सिंग, एवढीच वाट होती. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत होते. सुट्टीत मी अक्काला शब्द शिकवले. बेड, फीव्हर, बँडेज. पेशंट म्हणजे रोगी; जास्त असले की पेशंट्स. भांडी घासतानाही ती घोकत असायची.

मुलाखतीला मी सोबत गेले. डॉक्टर मडम नुकतीच विलायतेहून आलेली, तिला मराठी येत नव्हतं. अक्काने नाव, गाव नीट सांगितलं. मग मडमने विचारलं, "हॅव यू पेशन्स?"

अक्काचा चेहरा उजळला. "नो, मडम," ती ठासून म्हणाली, "नॉट वन!"

घरात कुणी आजारी नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. मडम विचारत होती, तुझ्या अंगी धीर आहे का. दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात, आणि मी तिला एकच शिकवला होता.

मडमची लेखणी थांबली. मला परक्यांसमोर बोलवत नाही; तरी कसंबसं तोंड उघडलं आणि सगळा घोटाळा इंग्रजीत उलगडून सांगितला. मडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अक्काला घेतलं.

बाहेर आल्यावर अक्काने विचारलं, "काय सांगितलंस गं माझ्याबद्दल? एवढी हसली ती?"

मी सांगितलं. तिने पदर सारखा केला.

"मंग मला सांगायचं ना. बाजूलाच तर उभी व्हतीस. धीर हाय म्हणून मीच बोलले असते की, बराबर."

हे मला सुचलंच नव्हतं. मनात वाक्य जुळवताना मी फक्त मडमकडे बघत होते.

आता ती वॉर्डात असते. रविवारी मी भेटायला जाते. मागच्या खेपेला म्हटलं, "अक्का, काही शब्द अडतात का? सांगू?"

"न्हाई," ती चादरीची घडी घालत म्हणाली. "इथल्या सिस्टरला इचारते मी. तुमचा अभ्यास असंल."

तुमचा. तिने मला आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं. चादरीचं दुसरं टोक धरू का, एवढंही मग मला विचारवलं नाही.